खाडीच्या तोंडाशी: शीव ते मढ

शुक्रवार (माघ वद्य पंचमी)

शीव स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की थोडं चालल्यावर जवाहरलाल नेहरू उद्यान लागतं. किल्ल्याची वाट त्या उद्यानातूनच वर चढते. सकाळी साडेसातला तिथे हास्यक्लब रंगात आला होता. बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांना वाट विचारली, तर म्हणाले, "वर कशाला जाताय? नुसत्या भिंती आहेत." बाळामामा त्यावर काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला पाठ आहे. मुंबईच्या किल्ल्यांना कोणी असं म्हटलं की तो दुखावतो.

तसं आजोबांचंही चूक नाही. रायगड-राजगड बघत वाढलेल्या माणसाला शीवची टेकडी म्हणजे किल्ला, हे पटतच नाही. चढताना धड दमही लागत नाही. वर गेलं की छप्पर उडालेल्या दोन-चार खोल्या, काळ्या दगडाच्या जाड भिंती, आणि त्यांवर बदाम कोरून लिहिलेली नावं. मामा बेस्टमध्ये कंडक्टर होता. निवृत्तीनंतर त्याने मुंबईच्या किल्ल्यांचा नाद लावून घेतला. त्याचं म्हणणं एवढंच, की हे किल्ले सुटे सुटे बघितले तर हाती काही लागत नाही. ओळीने बघायचे, आणि प्रत्येकावर उभं राहून विचारायचं, इथून पाणी कुठे दिसत होतं आणि पाण्यापलीकडे कोण होतं?

शीवच्या टेकडीवर या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळतं. टेकडीच्या दक्षिणेला इंग्रजांचं परळ बेट होतं आणि उत्तरेला खाडी ओलांडली की पोर्तुगिजांचं साष्टी बेट. म्हणजे ही थेट सरहद्द. मुंबई १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येशी लग्नाच्या तहात इंग्लंडच्या राजाला मिळाली, ताबा मिळायला १६६५ उजाडलं आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्यावर कंपनीला देऊन टाकली. शीवचा किल्ला पुढच्याच दशकातला, जेरॉल्ड आँजियर १६६९ ते १६७७ गव्हर्नर होता त्या काळातला. तहात नेमकं काय काय मिळालं यावर इंग्रज-पोर्तुगिजांची भांडणं चालूच होती. ठाण्याला आणि करंजाला पोर्तुगीज जकात घेत, त्यावरूनही कटकटी. शीवची टेकडी त्या काळची चेकपोस्ट समजायला हरकत नाही, फक्त तोफा असलेली.

वरून आज पूर्वेला मिठागरांचा पट्टा आणि त्यापलीकडे ठाण्याच्या खाडीची फिकट रेघ दिसते. उत्तरेला खाडी दिसायला हवी, तिथे इमारती आहेत. मामाने खांद्यावरची दुर्बीण काढून पश्चिमेकडे माहीमच्या बाजूला बराच वेळ फिरवली. "नाही दिसत," म्हणाला, आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहिलं: शीव, पुढचा दिसत नाही. हा त्याचा खेळ या फेरीसाठी ठरलेला होता. कुठल्या किल्ल्यावरून कुठला दिसतो याची नोंद करायची.

खाली उतरताना मी त्याला विचारलं, "भरती कितीला आहे?" त्याने मोबाइल काढला नाही. "आज पंचमी. पाचाची पाऊणपट किती?" कोळ्यांचा आणि कोकणातल्या जुन्या माणसांचा हा हिशोब मला आवडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. ओहोटी साधारण सहा तासांनी. मुंबईच्या किनाऱ्यावर हा हिशोब पाच-पंचवीस मिनिटांच्या फरकाने जुळतो. आमची सगळी फेरी त्यावर बेतलेली होती, कारण हे किल्ले भरतीला एक गोष्ट सांगतात आणि ओहोटीला दुसरी.

धारावीचा काळा किल्ला बहुतेकांना बसवरच्या पाटीमुळे माहीत असतो. बेस्टचा डेपोच त्या नावाचा आहे. मामा त्या डेपोत कितीदा चहा प्यायला असेल, देव जाणे. प्रत्यक्ष किल्ला मात्र शोधावा लागतो. चारी बाजूंनी वस्ती आणि मध्ये काळ्या दगडाची उंच भिंत. भिंतीत एक दगडी पाटी आहे. तिच्यावर इंग्रजीत कोरलंय, की मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमाने हा किल्ला १७३७ मध्ये बांधला. एके काळी मिठी नदीचं पाणी याच्या पायाशी होतं. आता तिथून नदी दिसत नाही, वाससुद्धा येत नाही, इतकी घरं मध्ये आली आहेत.

त्या सालापाशी मी जरा थांबले. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. चिमाजीअप्पांची साष्टी-वसईची मोहीम तिथून सुरू झाली. म्हणजे खाडीपलीकडचा पोर्तुगीज शेजारी डळमळायला लागला, त्याच वर्षी इंग्रजांनी खाडीच्या काठावर नवा किल्ला उभा केला. पाटीवर कारण लिहिलेलं नाही. मला तरी सालच पुरेसं वाटतं. शीव आणि माहीम पोर्तुगिजांकडे बघत होते. हा काळा किल्ला आपल्याकडे, म्हणजे मराठ्यांकडे बघत होता, असं माझं मत आहे. मामाला ते इतकं पटलं की त्याने समोरच्या टपरीवर दुसरा चहा मागवला.

माहीमला पोचायला तीन वाजले. समुद्र वर चढत होता. किल्ला रेतीबंदराच्या टोकाला आहे आणि टेकडीवर नाही, अगदी पाण्यात पाय सोडून उभा. अनेक वर्षं आत झोपड्या होत्या. तटावरच घरं, तटातून निघालेले पाण्याचे पाइप, बुरुजावर वाळत घातलेले कपडे. अडीचशेहून जास्त कुटुंबांना दुसरीकडे घरं देऊन अलीकडे आतला भाग मोकळा केला आहे. भिंत मोकळी दिसायला लागल्यावर तिची खरी अवस्थाही दिसायला लागली.

मी वाळूवरून पाण्याच्या कडेने जाता येईल तेवढी तटापाशी गेले. दगडांमधला चुना लाटांनी कधीच धुऊन नेलाय. खालच्या थरात दगड आणि दगड यांच्यात हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा आहेत. वर एका वडाने मुळं सोडली आहेत, ती मनगटाएवढी जाड होऊन दोन थरांच्या मध्ये घुसली आहेत. झाड भिंत फोडतंय हे उघड दिसतं. पण आता त्या मुळांनीच वरचे दगड धरून ठेवलेत, त्यामुळे झाड काढावं तरी पंचाईत. लाट आली की पाणी भेगांमध्ये घुसतं आणि आतून पोकळ आवाज येतो, मग माती मिसळलेलं तांबूस पाणी परत बाहेर.

माहीमची गोष्ट तशी सगळ्यांत जुनी. बिंब राजाची राजधानी इथे होती अशी परंपरा आहे. पुढे गुजरातच्या सुलतानाकडे, १५३४ मध्ये बहादूरशहाने तहात पोर्तुगिजांना दिलं, त्यांच्याकडून इंग्रजांकडे. सर थॉमस ग्रँथमने १६८४ मध्ये किल्ला भक्कम केला अशी नोंद आहे. समोरच वांद्र्याचं टोक. मधली खाडी ओलांडायला त्या काळी होडी लागे. कॉजवे आला १८४५ मध्ये, लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले म्हणून. आज त्या रस्त्यावरून लाखो माणसं जातात आणि आपण सरहद्द ओलांडली हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

मामाची वही: माहीम, वांद्रे दिसतं, वरळी दिसते. तो खूश होता. मग कोळीवाड्यातल्या बायकांच्या गाड्यांवर बसून मांदेली खाल्ली आणि लालबागला घरी आलो.

शनिवार (षष्ठी)

सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. वांद्रे ओहोटीला बघायचं आणि वरळी भरतीला, हे आदल्या रात्रीच ठरलं होतं.

बँडस्टँडला शनिवारी सकाळी निम्मी गर्दी नटाच्या बंगल्यासमोर असते. ती ओलांडून पुढे टोकाला गेलं की डावीकडे पंचतारांकित हॉटेल आणि उजवीकडे किल्ला. वांद्र्याचा किल्ला १६४० चा, पोर्तुगिजांचा. दारावर सालाची पाटी आहे. नाव कास्तेला द अगुआडा, कारण इथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि जहाजं पाणी भरायला थांबत. आज बघायला काय आहे? एक कमानीचं दार, थोडा तट, पायऱ्या, आणि उतारावर कार्यक्रमांसाठी केलेलं अर्धगोल नाट्यगृह. २००३ च्या सुमारास नागरिकांनी पुढाकार घेऊन परिसर नीटनेटका केला, तेव्हापासून जागा बरी राहिली आहे. फोटो काढणाऱ्या जोडप्यांना तर ती फारच आवडते.

इतका थोडा किल्ला का उरला, याचं कारण वयापेक्षा राजकारणात आहे. १७३९ मध्ये मराठे साष्टीत पसरले होते. पोर्तुगिजांना वांद्रं राखणं शक्य नव्हतं. तेव्हा इंग्रजांनी सल्ला दिला की किल्ला शत्रूच्या हाती जाण्यापेक्षा पाडून टाका, आणि तो पाडला गेला. माहीमच्या तटावर उभं राहून वांद्रं बघितलं की हा सल्ला मित्रत्वाचा होता असं कोणी म्हणणार नाही. वांद्र्याच्या टोकावर मराठ्यांच्या तोफा आल्या असत्या तर माहीमच्या खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत त्यांच्या टप्प्यात आलं असतं. शेजाऱ्याचं घर पाडून घेतलं ते आपली झोप नीट लागावी म्हणून.

मी मामाला कमानीत बसवलं आणि खाली खडपांवर उतरले. मुंबईत खडकाळ किनारा बघायचा तर ही जागा उत्तम. काळा बसाल्ट लांबवर समुद्रात गेलाय. ओहोटीला त्यावर हिरवं शेवाळ चमकतं आणि चप्पल घालून चालणं म्हणजे कपाळमोक्षाला आमंत्रण. खळग्यांमध्ये साचलेल्या पाण्यात बोटभर मासे अडकलेले होते. शंखात घर केलेला एक खेकडा माझी सावली पडली की आत, हलली की बाहेर.

जरा पुढे एक मावशी उकिडव्या बसून कालवं फोडत होत्या. हातात लाकडी मुठीचा लोखंडी टोचा. खडकाला चिकटलेल्या शिंपल्याच्या कडेवर टोचा टेकवायचा, एक ठोका, वरचं झाकण उडालं की टोकाने आतलं मांस उचलून डब्यात. शिंपल्याचा खालचा अर्धा भाग खडकालाच राहतो. त्यामुळे जिथे जिथे कालवं काढली जातात तिथे खडक पांढरा, खरबरीत दिसतो. डबा पाव भरला होता.

"किती वेळ लागला एवढ्याला?" मी विचारलं.

"पाणी उतरलं तवापासनं बसलीय." त्यांनी वर न बघता सांगितलं. "आता परतंल तासाभरात."

"वरचा किल्ला बघितलाय का कधी?"

"तिथं काय, सावलीला बसतो ना आमी."

वर आले तेव्हा मामाची नोंद झाली होती. वांद्रे, वरळी दिसते. पण दुर्बिणीतून, आणि शोधावी लागते. सी लिंकच्या तारा आणि मागचे पन्नास-साठ मजली टॉवर यांच्या पायाशी एक बुटकी काळी टेकडी, तीच वरळीचा किल्ला. सी लिंक २००९ च्या ३० जूनला सुरू झाला, लांबी ५.६ किलोमीटर. गंमत म्हणजे वांद्र्याच्या टोकाजवळून निघून वरळीच्या किल्ल्याजवळ उतरणारा हा पूल जुन्या दोन पहाऱ्यांनाच जोडतो. पुलाच्या इंजिनिअरांना आणि किल्ल्याच्या बांधणाऱ्यांना माहीमच्या उपसागराचं तोंड त्याच दोन टोकांना सापडलं.

वरळी कोळीवाड्यात मला नेहमी वाटतं की बस चुकीच्या शहरात आली. मागे काचेचे टॉवर आणि पुढे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशा गल्ल्या. बांबूच्या दांड्यांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. सुके बोंबील आपण बाजारात सरळ ताठ बघतो. इथे अर्धे ओले असताना ते पारदर्शक असतात आणि उन्हाकडे धरले तर मधला काटा दिसतो. गोलफादेवीच्या देवळात जाऊन आलो. टेकाडावर देऊळ आहे, कोळी लोक तिथे कौल लावतात.

किल्ला वस्तीच्या टोकाला, छोट्या टेकडीवर. इंग्रजांनी साधारण १६७५ च्या सुमारास बांधला असं सर्वसाधारणपणे मानतात. पोर्तुगीज काळातला आहे असं म्हणणारेही आहेत. आत विहीर, एक देऊळ, घंटेची छोटी कमान. या सगळ्या फेरीत मला सगळ्यांत किल्ल्यासारखा वाटलेला किल्ला हाच, कारण इथे तट अखंड आहे आणि त्यावरून चालता येतं.

साडेचारला आम्ही तटावर होतो. भरती पूर्ण. सकाळी वांद्र्याला जी खडपं मी पायाखाली घातली होती ती आता तिथून दिसत नव्हती, पाणी थेट टोकाच्या भिंतीला लागलं होतं. उपसागर गोल वाटीसारखा भरलेला आणि त्याच्या कडेवर तिन्ही किल्ले: आमच्या पायाखाली वरळी, उत्तरेला वांद्रे, आत कोपऱ्यात माहीम. ओहोटीला होड्या चिखलात कलतात. भरतीला जहाज खाडीत शिरू शकतं आणि तेव्हा त्याला या तिघांच्या समोरून जावंच लागतं. मामा वहीत लिहायचं सोडून नुसता बघत बसला.

तटाखाली जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांशी बोलणं झालं. किल्ल्याबद्दल त्यांना विशेष काही सांगायचं नव्हतं. कोस्टल रोडबद्दल मात्र भरपूर होतं. वरळीला पूल समुद्रात शिरतो तिथे दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवायचं ठरलं होतं. वारा आणि ओढ असताना त्यातून होडी काढणं धोक्याचं, म्हणून कोळीवाड्याने वर्षभराहून जास्त नेट धरला आणि शेवटी ते १२० मीटर करून घेतलं. "आमचा दरवाजा आहे तो," काका म्हणाले. "दरवाजा बंद केलात तर आम्ही जायचं कुठून?" साडेतीनशे वर्षांपूर्वी ही टेकडी ज्या पाण्याच्या वाटेसाठी बांधून काढली, तीच ही वाट. भांडण अजून चालू आहे, फक्त भांडणारे बदलले.

वरळीच्या टेकडीबद्दल आणखी एक सांगायचं तर, इथल्या बसाल्टच्या थरांखालच्या गाळाच्या खडकात बेडकांचे जीवाश्म सापडले होते. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. वय सहा कोटी वर्षांच्या घरात. लाव्हाच्या दोन लोटांच्या मधल्या शांत काळात इथे गोड्या पाण्याची तळी होती. एवढ्या जुन्या गोष्टीपुढे इंग्रज-पोर्तुगिजांची भांडणं अगदी परवाची वाटतात. मामाला बेडकात रस नव्हता.

रविवार (सप्तमी)

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. तो कुर्ला-वाशी बाजूला असल्यामुळे आमची गोरेगाव लोकल वाचली.

सकाळी आठला शिवडी. हार्बर लाइनच्या पूर्वेला गोदामं, ट्रकांची रांग, आणि त्यातून एकदम कड्यावर चढणारी वाट. किल्ला १६८० चा. खंदेरीवरून इंग्रज आणि शिवाजी महाराज यांची आरमारी चकमक झाली ती १६७९ मध्ये. तेव्हा बंदराची पूर्वेची बाजू किती उघडी आहे याची धास्ती मुंबईत असणारच. दार तटाच्या सरळ रेषेत नाही, आडवं वळून आत जावं लागतं, म्हणजे बाहेरून थेट धडक मारता येत नाही. पाचकोनी खोली, लांबट घुमटाकार दालनं. पुढे इथे कैदी ठेवत, मग गोदाम झालं.

एवढं करून किल्ल्याचा उपयोग काय झाला? १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान इथेच उतरला. त्याच्याबरोबर २०,००० माणसं होती असं सांगतात. शिवडी घेतली, मग माझगाव, मग माहीम. इंग्रज दक्षिणेच्या मुख्य किल्ल्यात कोंडून पडले. शेवटी औरंगजेबापुढे नाक घासून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा सिद्दी जून १६९० मध्ये निघाला, आणि जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करून गेला. खाडीकडच्या सगळ्या चौक्या उत्तरेकडे डोळे लावून होत्या आणि शत्रू पूर्वेच्या चिखलातून आला.

तो चिखल आज रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. पाणी उतरत होतं, चिखलाची कड हळूहळू उघडी पडत होती आणि पक्षी तिच्यामागोमाग पुढे सरकत होते. मान उलटी करून चोच पाण्यात घुसळायची त्यांची पद्धत दुर्बिणीतून बघण्यासारखी आहे. मागे अटल सेतू. २१.८ किलोमीटरचा हा पूल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, आणि तोही बरोबर शिवडीहूनच निघतो. वहीत नोंद: शिवडी, कोणीच दिसत नाही.

शिवडीहून थेट अंधेरी. माहीम सोडल्यावर गाडी खाडीवरच्या पुलावर येते. डावी-उजवीकडे तिवरं, काळं पाणी, पाण्याच्या जाड पाइपलाइन. दारात उभ्या माणसांनी नाकाला रुमाल लावला. अर्ध्या मिनिटात सरहद्द संपली आणि गाडी साष्टीत शिरली.

वर्सोव्याच्या जेट्टीवर मढची फेरीबोट. मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, पिकनिकला निघालेली पोरं, सगळे एकाच बोटीत. पलीकडे उतरून रिक्षाने किल्ल्याशी. इथे येऊन मला पहिल्यांदा आपण खरंच एका कड्याच्या टोकाला आलो असं वाटलं. तिन्ही बाजूंना समुद्र, आणि तटाचे कोन अजून धारदार. पोर्तुगिजांचा हा किल्ला मालाडच्या खाडीचं आणि वर्सोव्याच्या बंदराचं तोंड राखायला बांधला. आता ताबा हवाई दलाकडे आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. सिनेमावाले परवानगी काढून येतात, त्यामुळे हा तट आपण सगळ्यांनी पडद्यावर कधी ना कधी पाहिलेला असतो. आम्ही बाहेरून, खडकांच्या कडेने जमेल तेवढा फेरा मारला.

खडक बघून मी थबकले. वांद्र्याचा दगड काळाभोर होता. मढचा पिवळसर, फिकट, हातावर घासला तर पिठासारखी पूड येते. हा बसाल्ट नाही, ट्रॅकाइट आहे. लाव्हाच, पण वेगळ्या जातीचा. मढ, मनोरीच्या बाजूला तो दिसतो. तटाचा रंगही तसाच, त्यामुळे खडक कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं ते लांबून कळत नाही.

मामाला इथून जुन्या ओळीतला एकही किल्ला दिसणार नव्हता, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने दक्षिणेला दुर्बीण लावली. जुहूचे टॉवर, धुरकट हवा. "वांद्रं तिकडे असणार," म्हणाला. मी म्हटलं, "मामा, पण इथे बघणारे बदलले ना रे." १७३९ च्या सुरुवातीला वर्सोव्याचा हा किल्ला मराठ्यांनी घेतला, मे महिन्यात वसई पडली. आणि त्यानंतर पस्तीसेक वर्षं खाडीच्या उत्तरेला मराठे आणि दक्षिणेला इंग्रज. मुंबईतले व्यापारी इतके धास्तावले की इंग्रजी कोटाभोवती खंदक खणायला त्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली. त्या खंदकाचं नाव इंग्रजांनीच 'मराठा डिच' ठेवलं. शीव, काळा किल्ला, माहीम यांच्या तोफा तेव्हा खऱ्या अर्थाने डोळ्यांत तेल घालून बसल्या असतील.

मग १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे पक्की झाली. खाडीच्या दोन्ही काठांना एकच मालक आला आणि या सगळ्या पहाऱ्यांचं कामच संपलं. कोणी जिंकून पाडले नाहीत. नोकरी गेली आणि पडत गेले.

"निवृत्त झाले म्हण," मामा म्हणाला.

परतीच्या बोटीला रविवारची लांबलचक रांग होती. मामाने ती पाहिली, मालाडच्या बसचा नंबर सांगितला आणि बस आपल्याला घरी कशी लवकर पोचवेल याचा हिशोब माझ्यापुढे मांडला. ती मार्व्याजवळ अडकली तेव्हा त्याने विषय बदलला. "पुढे वसई करू. पण तिथे सकाळी सातला पोचायचं, एकशेदहा एकर आहे. आणि तिथी बघून ठेव, अमावास्येच्या आसपास नको, बंदराच्या दरवाज्याकडचं बघायला पाणी उतरलेलं पाहिजे."